लॅन कार्डाचं नाव खुर्चीला बांधायचं की माणसाला?

मांजराकाठ (लातूर), धागाकर्ता

नमस्कार मंडळी. लातूरला एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य इमारत, मुलांचं वसतिगृह आणि उदगीर व अंबाजोगाईला दोन छोटी केंद्रं. गेल्या आठवड्यात जे घडलं ते आधी सांगतो, प्रश्न मग विचारतो.

बाहेरचं इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्या मधे आमच्याकडं एक जुना डेस्कटॉप गेटवे म्हणून बसवलाय. त्यावर डेबियन लिनक्स आहे. दोन लॅन कार्डं, एक बोर्डावरचं रियलटेकचं आणि एक वरून लावलेलं इंटेलचं. माझ्या आधीच्या माणसानं बूटच्या ओळीत नेट.आयएफनेम्स=० टाकून ठेवलेलं, त्यामुळे नावं जुन्या पद्धतीची. ईटीएच० बाहेर, ईटीएच१ आत. दोन वर्षं कसलीच तक्रार नव्हती, कारण दोन वर्षांत ते मशीन फार तर दोनदा बंद झालं असेल.

परवा रात्री वादळ आलं, डीपीवरचा फ्यूज उडाला, पाच तास लाईट नाही. यूपीएस रिकामा झाला. पहाटे लाईट आली तसं मशीन आपोआप सुरू झालं. साडेसातला वसतिगृहातून फोन, "सर, वायफायला जोडतंय पण नेट नाही." गेलो. दोन्ही कार्डांचे दिवे लुकलुकतायत. बाहेरची तार लॅपटॉपला लावली तर नेट व्यवस्थित. अर्धा तास स्विच बदल, केबल बदल यात घालवला. शेवटी आयपी लिंक मारून मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा पत्ता) वहीतल्या पत्त्यांशी ताडून पाहिले तेव्हा कळलं, ईटीएच० आणि ईटीएच१ची अदलाबदल झालीय.

म्हणजे आमचा डीएचसीपी सर्व्हर इंटरनेटवाल्याच्या तारेत पत्ते वाटत बसलेला. त्याहून वाईट म्हणजे 'ईटीएच१वरून येणाऱ्याला सगळं मोकळं' हा फायरवॉलचा नियम बाहेरच्या तारेला लागू झालेला. पहाटेपासून साडेआठपर्यंत. नेट बंद पडल्याचं दुःख नाही, पण हे आठवलं की पोटात गोळा येतो.

नंतर मुद्दाम सहा वेळा रीबूट केलं. पाचदा बरोबर, एकदा उलटं.

प्रश्न असा, की नावं अशी कशी द्यायची की हे पुन्हा घडणारच नाही? ईएनपी३एस० वगैरे नव्या नावांवर विसंबता येतं का? आणि उदगीर-अंबाजोगाईची मशीनं याच माणसानं बसवलेली आहेत, तिथंही हेच वाढून ठेवलं असणार.

परभणी_२२

दादा, सहातून एकदा उलटं हे तुम्ही मोजून लिहिलंत ते फार बरं केलं. दोष नेमका कुठं आहे ते त्यातच दिसतं.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्डांना नंबर देतो ते ड्रायव्हर ज्या क्रमानं कार्ड शोधून काढतात त्या क्रमानं. शाळेत हजेरीचा नंबर आडनावावरून न देता, सकाळी जो आधी वर्गात पाय ठेवेल त्याला एक नंबर, असं केलं तर जे होईल ते. रोज एकच मुलगा आधी येतो म्हणून महिनोन्महिने सगळं सुरळीत दिसतं. एके दिवशी त्याची एसटी चुकते. रियलटेकचा ड्रायव्हर वेगळा, इंटेलचा वेगळा, आणि आजकाल हे सगळं एकाच वेळी समांतर चालतं, त्यामुळे आधी कोण पोचेल याची हमी कर्नल देतच नाही.

यावर पूर्वीचा इलाज यूडेव्हचा, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या प्रोग्रामचा, होता. पहिल्यांदा दिसलेलं कार्ड, त्याचा मॅक आणि त्याला मिळालेलं नाव ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फाइलीत आपोआप लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच द्यायचं. कागदावर छान. पण नावं त्याच ईटीएच०, ईटीएच१ या कळपातली असल्यामुळे कर्नल एका बाजूनं ईटीएच० वाटतोय आणि यूडेव्ह दुसऱ्या बाजूनं तेच नाव दुसऱ्याला देऊ पाहतोय, अशी झटापट व्हायची. आणि कार्ड जळून नवीन टाकलं की नवा मॅक, म्हणून नाव ईटीएच१, आणि सगळी सेटिंग ईटीएच०च्या नावानं लिहिलेली.

म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीची (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारी प्रणाली) आवृत्ती १९७ आली तेव्हा वेगळी रीत आली. कोण आधी आलं हे न बघता कार्ड कुठं बसलंय ते बघायचं आणि त्यावरून नाव काढायचं. सुरुवातीचं ईएन म्हणजे इथरनेट, डब्ल्यूएल म्हणजे वायफाय, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे मोबाइल डेटाचं कार्ड. पुढं ओ आलं तर बोर्डावरचं कार्ड आणि फर्मवेअरनं (बोर्डावरच्या बायोसनं) सांगितलेला त्याचा क्रमांक, म्हणजे ईएनओ१. एस आलं तर स्लॉटचा क्रमांक, ईएनएस१. ही माहिती फर्मवेअर देत नसेल तर पीसीआय बसचा (बोर्डावर कार्डं जोडणाऱ्या मार्गाचा) नंबर आणि त्यावरची जागा, म्हणून ईएनपी३एस०, तिसऱ्या बसवर शून्य नंबरची जागा. रेड हॅट ७ मध्ये २०१४ साली आणि डेबियन ९ मध्ये २०१७ साली ही रीत मुळातूनच आली. तुमच्या आधीच्या माणसानं ती मुद्दाम बंद केलीय.

टर्मिनलकाका (बीड)

बंद केली त्यात त्याचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. एकच कार्ड असलेल्या मशीनवर ईटीएच० अगदी पक्कं असतं. अदलाबदल व्हायला दुसरं कोणी नाहीच. माझ्याकडं अशी पंधरा-सोळा मशीनं आहेत, सगळ्यांवर एकच सेटिंग फाइल चालते. नव्या नावांनी एकावर ईएनपी२एस०, दुसऱ्यावर ईएनओ१, तिसऱ्यावर आणखी काही. दोन कार्डं असतील तिथं मात्र ही रीत घातक, ते मान्य.

पण नव्या नावांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या स्वतःच्या हातून झालेलं सांगतो. एका सर्व्हरमध्ये जागा कमी पडली म्हणून एनव्हीएमई डिस्क लावली. लॅन कार्डाला हातसुद्धा लावला नव्हता. चालू केलं तर नेटवर्क नाही. ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० झालेलं. नवी डिस्क मधल्या बसवर येऊन बसली आणि तिच्या पुढच्या सगळ्यांचे नंबर एकानं सरकले. सर्व्हर माजलगावला, मी बीडला. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. एसटीनं जाऊन एक ओळ बदलून परत आलो.

नवशिकी_नांदेड

काका, मग जागेवरून दिलेलं नावसुद्धा बदलतंच ना? त्याला पक्कं तरी का म्हणतात?

परभणी_२२

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, ताई. त्या रीतीचं मूळ नाव 'आधी सांगता येणारी नावं' असं आहे, 'कधीच न बदलणारी' असं नाही. मशीन आतून जसंच्या तसं असेल तर प्रत्येक बूटला तेच नाव येईल, एवढंच तिचं वचन. मांजराकाठ दादांच्या मशीनवर तेवढंही नव्हतं. काकांच्या मशीनवर वचन मोडलं नाही, मशीन आतून बदललं.

बस नंबर म्हणजे लग्नाच्या पंगतीतली जागा. मधे एक पाहुणा येऊन बसला की पुढचे सगळे एकेक सरकतात. फर्मवेअरनं दिलेला ईएनओ१सारखा क्रमांक भिंतीवर रंगवलेल्या घर नंबरासारखा. बाकी घरात काहीही हलवा, तो हलत नाही. ईएनओ मिळत असेल तर मी ते तसंच ठेवतो. ईएनपी मिळत असेल आणि मशीन गेटवेसारखं महत्त्वाचं असेल, तर नाव स्वतः देतो.

वायरवाला_जालना

एक हाताशी येणारी गोष्ट. कुठलं नाव कुठल्या भोकाचं हे ओळखायला इथटूल हायफन छोटा पी आणि कार्डाचं नाव द्या. त्या पोर्टचा दिवा लुकलुकत राहतो. मागं वाकून बघा आणि तिथंच मार्करनं लिहा. बहुतेक कार्डांना जमतं. केबल काढून-लावून शोधण्यात दिवस जायचा तो वाचतो.

मांजराकाठ

वायरवाला भाऊ, आत्ताच करून पाहिलं, इंटेलचं लुकलुकलं. रियलटेकनं नाही म्हटलं. तरी दोनच आहेत, उरलेलं ते रियलटेक.

परभणीकर, स्वतः नाव द्यायचं म्हणजे नेमकं कसं? आणि मॅकला बांधायचं की जागेला? वाचून वाचून याच ठिकाणी अडकलोय.

परभणी_२२

ईटीसीमध्ये सिस्टमडी, त्याच्या आत नेटवर्क नावाचं फोल्डर आहे. तिथं प्रत्येक कार्डासाठी एक छोटी फाइल करायची, नाव १०-वॅन.लिंक, १०-लॅन.लिंक असं. फाइलीत दोनच भाग. मॅच या मथळ्याखाली कार्ड ओळखायची खूण, लिंक या मथळ्याखाली नेम= आणि हवं ते नाव. बाहेरच्याला वॅन०, आतल्याला लॅन०, अशी कामावरून नावं द्या. पंधरा अक्षरांच्या आत, त्याहून लांब कर्नल घेत नाही.

आता खूण. पाथ= दिलं तर नाव जागेला, म्हणजे खुर्चीला बांधलं जातं. परमनंटमॅकअ‍ॅड्रेस= दिलं तर कार्डाला, म्हणजे माणसाला. एकच उत्तर सगळीकडं चालत नाही. तुमच्या मशीनवर पुढं काय बदलण्याची शक्यता जास्त आहे, ते बघून ठरवायचं.

आमच्याकडं मे-जूनमध्ये वीज कडाडली की टेलिफोनच्या तारेतून, केबलमधून झटका येतो आणि लॅन कार्ड जातं. मशीन तेच, स्लॉट तोच, कार्ड नवं. तिथं खुर्चीला बांधलं असेल तर नवं कार्ड खोचलं की काम सुरू, एक अक्षर बदलावं लागत नाही. शाखेतला शिपाईसुद्धा फोनवर ऐकून कार्ड बदलू शकतो. उलट जिथं कार्ड तेच राहतं पण डिस्का, कार्डं वाढत जातात, काकांच्या माजलगावसारखं, तिथं मॅकला बांधा. बस नंबर कितीही सरकू दे.

मॅकच्या खुणेत एक खाच आहे. नुसतं मॅकअ‍ॅड्रेस= लिहू नका. व्हीलॅन, म्हणजे त्याच कार्डावरचं वेगळं आभासी नेटवर्क, तयार केलं की त्याला मूळ कार्डाचाच मॅक मिळतो, मग एकाच खुणेचे दोघं उभे राहतात आणि नाव कुणाला जाईल सांगता येत नाही. परमनंट म्हणजे कार्डात कारखान्यातून कोरलेला पत्ता, तो व्हीलॅनला नसतो.

आणि ज्यासाठी मी हे एवढं लांबण लावतोय ते आता. स्वतः नाव देताना ईटीएच०, ईटीएच१ ही नावं पुन्हा वापरू नका. झटापटीचं कारण आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण तुमच्या वादळाच्या रात्रीत आहे. ईटीएचमध्ये चूक झाली की नाव *दुसऱ्याला* जातं. नियम लागू होतो, पण भलत्याच तारेला. लॅन० असं वेगळं नाव असेल आणि काही कारणानं खूण जुळली नाही, तर कार्डाचं नाव ईएनपी काहीतरी राहतं आणि लॅन० नावाचं मशीनवर कुणीच नसतं. नियम कुणालाच लागू होत नाही. फायरवॉलचं मूळ धोरण 'सगळं बंद, फक्त लॅन०ला मोकळं' असं असेल तर दार बंदच राहतं. मुलांचं नेट जाईल, तुम्हाला फोन येईल, पण संस्थेचं नेटवर्क पहाटेपासून उघडं पडणार नाही. भलत्याला नाव जाण्यापेक्षा कुणालाच न गेलेलं शंभर पटीनं बरं.

टर्मिनलकाका (बीड)

शेवटचा परिच्छेद पटला. इतकी वर्षं मी याकडं फक्त सोयीच्या नजरेनं बघत होतो. एकच कार्ड असलेल्या मशीनचं माझं मत कायम आहे, पण त्यांच्यातल्या दोघांना उद्या दुसरं कार्ड लागणार आहे, त्यांच्यावर आजच बदलतो.

दोन गोष्टी जोडतो. फाइल लिहिल्यावर डेबियनवर अपडेट-इनिट्रॅमएफएस हायफन यू चालवायला विसरू नका. बूटच्या अगदी सुरुवातीला जी छोटी फाइलप्रणाली वर येते तिच्यात या लिंक फाइलींची नक्कल असते. ती जुनी राहिली तर नाव तिथंच जुन्या रीतीनं पडू शकतं आणि तुम्ही नव्या फाइलीत चूक शोधत बसता. दुसरं, मोठं अपग्रेड करताना सिस्टमडीची नवी आवृत्ती नाव काढायचे नियम कधीकधी सुधारते. आवृत्ती २४० पासून बूटच्या ओळीत नेट.नेमिंग-स्कीम= देऊन जुने नियम धरून ठेवता येतात. दूरच्या मशीनवर अपग्रेडच्या आधी मी आता हे करतो.

हिंगोलीकर

व्हर्च्युअल मशीनवाल्यांसाठी. व्हीएमवेअरवर ईएनएस१९२ दिसलं तर दचकू नका, आभासी स्लॉटचा नंबर तेवढा मोठा असतो. व्हीएमची नक्कल काढताना मात्र मॅक नवा मिळतो, म्हणून साच्यातल्या मशीनमध्ये मॅकला बांधलेली लिंक फाइल ठेवू नका. प्रत्येक नकलेत ती चुकीची ठरते. तिथं खुर्चीच बरी.

नवशिकी_नांदेड

एक छोटी शंका. नाव लॅन० केल्यावर जुनं ईएनपीवालं नाव पूर्ण पुसलं जातं का? कॉलेजच्या लॅबमध्ये काही स्क्रिप्टांमध्ये जुनी नावं आहेत.

परभणी_२२

कर्नल ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, कार्डाला पर्यायी नावं ठेवता येतात. पण नाव स्वतःच्या लिंक फाइलीनं दिलं असेल तर त्या फाइलीत लिंकच्या मथळ्याखाली अल्टरनेटिव्हनेम्सपॉलिसी= ही ओळही लागते, तरच सिस्टमडी जागेवरून निघणारी बाकीची नावं पर्यायी म्हणून जोडतं. मग आयपी लिंक शोला ईएनपी३एस० दिलं तरी लॅन०च समोर येतं. पण हे आयपीसारख्या नव्या साधनांना कळतं. फायरवॉलच्या नियमात पर्यायी नावावर भिस्त ठेवू नकोस, तिथं खरं नावच लिही.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

कार्डांवरून जरा बाजूला जातो, पण मांजराकाठ यांनी तीन गावांचं लिहिलंय म्हणून. स्विच, ॲक्सेस पॉइंट, कॅमेऱ्याची पेटी यांच्या नावांचंही हेच दुखणं आहे.

आमच्या कंपनीतल्या सगळ्या स्विचांची नावं शहराच्या जुन्या नावाच्या आद्याक्षरांनी सुरू व्हायची. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं आणि वरून निरोप आला, सगळीकडं नवं नाव घाला. स्विचवर नाव बदलणं दोन मिनिटांचं काम. पण तेच नाव मॉनिटरिंगमध्ये, बॅकअपच्या फोल्डरांना, सर्टिफिकेटांत, डीएनएसमध्ये आणि तीनशेच्या वर केबलींच्या चिठ्ठ्यांवर. चार महिने गेले. त्यातही दोन स्विचांचा जुना बॅकअप नव्या नावाशी जोडायचा राहिला, आणि त्यातला एक जळाला तेव्हाच ते कळलं.

मग आम्ही गाडीचा नंबर घेतला. एमएच २०. शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, गाड्यांवरचं २० तसंच राहिलं. धाराशिवचंही तसंच, नाव नवं झालं पण २५ कायम. आपल्याकडं लहान पोरालासुद्धा हे आकडे पाठ असतात, तक्ता बघावा लागत नाही. मांजराकाठ, तुमचं तर फारच सोपं, लातूर २४, अंबाजोगाई ४४, उदगीर ५५. एमएच५५-एसडब्ल्यू-०१ म्हटलं की उदगीरचा पहिला स्विच. अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच वापरा, होस्टनेममध्ये अंडरस्कोअर चालत नाही.

वायरवाला_जालना

याला माझी एक हरकत. ठिकाण नावात घालायचं ते भिंतीला ठोकलेल्या वस्तूच्याच. स्विच रॅकमध्ये बसला की सात-आठ वर्षं तिथंच. पण लॅपटॉप, प्रोजेक्टर, फिरता ॲक्सेस पॉइंट यांच्या नावात ठिकाण घातलंत तर सहा महिन्यांत नाव एक आणि वस्तू भलतीकडं. त्यांना नुसता चालता क्रमांक द्या, आज कुठं आहे ते वहीत लिहा.

आणि नावात 'नवा' हा शब्द कधीच नको. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं 'नवा स्विच' नावाचा स्विच अकरा वर्षांचा आहे, त्याच्या शेजारी 'नवा स्विच २'. कुठला उघडायचा ते प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागतं.

वाळूजकर

बरोबर आहे भाऊ. आम्हीही लॅपटॉपना ठिकाण घातलेलं नाही. लिहायचं राहिलं.

मांजराकाठ

मंडळी, रविवारी वसतिगृह निम्मं रिकामं होतं, तेव्हा केलं. जसं झालं तसं लिहितो, कुणाला पुढं उपयोगी पडेल.

दोन्ही कार्डं खुर्चीला बांधली. या मशीनमध्ये दुसरं काही वाढवायला जागाच नाही, आणि वीज पडून कार्ड जाण्याची भीती मोठी. यूडेव्हअ‍ॅडमला टेस्ट-बिल्टिन नेट_आयडी आणि कार्डाचा सिसएफएसमधला रस्ता दिला की कुठल्या रीतीनं कुठलं नाव निघतं ते सगळं दिसतं. तिथून पाथची खूण उतरवून घेतली. बाहेरचं वॅन०, आतलं लॅन०. आधी डीएचसीपी, फायरवॉल आणि इंटरफेसेसच्या फाइलीत नवी नावं लिहिली, मग बूटच्या ओळीतलं नेट.आयएफनेम्स=० काढलं, मग रीबूट.

पहिल्या रीबूटला वॅन० आलं, पण लॅन०च्या जागी ईएनपी२एस०. काका, तुमचंच वाक्य आठवलं. इनिट्रॅमएफएस ताजं केलं होतं, पण लॅनची फाइल त्यानंतर दुरुस्त केली होती. पाथमध्ये एक टिंब चुकलं होतं. पुन्हा चालवलं, नीट झालं. मधल्या वेळात वसतिगृहाचं नेट गेलं होतं आणि बाहेरून आत काहीही येत नव्हतं. परभणीकर म्हणाले तस्संच, दार बंद. बाहेर जाऊन मोबाइल डेटावरून पोर्ट तपासून खात्री केली, आणि गेल्या आठवड्यानंतर पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

मग दहा वेळा भिंतीतली पिन ओढून मशीन बंद केलं आणि चालू केलं. दहाही वेळा वॅन० बाहेर, लॅन० आत. शेवटी इंटेलचं कार्ड काढून कपाटातलं दुसरं त्याच स्लॉटमध्ये खोचलं. लॅन०च आलं.

मागच्या पत्र्यावर पांढरी टेप लावून दोन्ही पोर्टांवर नावं लिहिलीत, केबलींच्या दोन्ही टोकांना तीच. बुधवारी उदगीरला जातोय. तिथल्या मशीनमध्ये तीन कार्डं आहेत म्हणतात, त्यातलं एक यूएसबीचं. यूएसबीवाल्याला कशानं बांधू? खुर्ची तर तिथं कुणीही बदलेल.

परभणी_२२

यूएसबीला माणूसच. डेबियन स्वतःसुद्धा यूएसबी कार्डाचं नाव मॅकवरूनच काढतं, ईएनएक्स आणि पुढं बारा अक्षरी पत्ता असं लांबलचक. परमनंटमॅकअ‍ॅड्रेस लावून त्याला छोटं नाव द्या. पण दादा, गेटवेमध्ये यूएसबीचं कार्ड ठेवूच नका, साफ करताना कुणीतरी उपटतं. जाताना एक साधं पीसीआय कार्ड घेऊन जा.